कनेक्शन तोडण्याआधी कामांचा कागद: धायरीतल्या एका कुटुंबाचं प्रकरण

धायरीतलं पाच माणसांचं कुटुंब. आजी बहात्तर वर्षांच्या, मुलगा आणि सून चाळिशीतले, नात नववीत, नातू चौथीत. मुलाचं जवळच छोटं मशीन शॉप आहे, सून एका शाळेत हिशेब सांभाळते. पुरंदर तालुक्यात आजोबांच्या नावची दीड एकर जिरायत होती, आता सातबाऱ्यावर या सगळ्यांची नावं लागली आहेत. त्यामुळे शेतजमीन घेताना बिगरशेतकऱ्याला कायद्याची जी अडचण येते, ती यांना आली नाही. तिथे घर बांधायचं, वीज सूर्याची, पाणी पावसाचं, गॅस शेणा-खरकट्याचा, आणि फ्लॅट भाड्याने द्यायचा, असा बेत घेऊन ते माझ्याकडे आले.

माझं काम घराला पाणी आणि वीज किती लागेल, ती कुठून येईल याचा हिशेब मांडून देण्याचं. मी पॅनेल विकत नाही, टाक्या बांधत नाही. हे प्रकरण सविस्तर लिहितो आहे, कारण असा बेत करणारी बरीच कुटुंबं पुण्यात आहेत आणि बहुतेकांच्या हातात पहिला कागद असतो तो सोलरच्या कोटेशनचा. या कुटुंबाच्याही हातात तोच होता: 5 किलोवॉटची पॅनेल, 10 युनिटची लिथियम बॅटरी, खर्च साडेसहा लाख.

या बेतामागे भीतीही होती, आणि ती समजून घेतल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. 2025 च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम, नसांवर परिणाम होऊन हातपाय लुळे पडणारा आजार) रुग्ण अचानक वाढले आणि त्याचा संबंध दूषित पाण्याशी जोडला गेला. यांच्या ओळखीतल्या एका घरात मुलगा कित्येक दिवस व्हेंटिलेटरवर होता. तेव्हापासून सून पिण्याचं पाणी वीस मिनिटं उकळत होती आणि रात्री उठून नातवाचे पाय हलतात ना, हे बघत होती. "आपलं पाणी आपल्या डोळ्यांसमोरचं असावं," हे तिचं वाक्य. ते मी वहीत पहिल्या ओळीवर लिहिलं.

भेट जुलैतच का

कुटुंबाला एखादं पर्यावरणपूरक घर आतून बघायचं होतं. हडपसरच्या सुझलॉन वन अर्थचं नाव त्यांनी वाचलं होतं. ती इमारत खरोखरच अभ्यासण्यासारखी आहे, पर्यावरणपूरक इमारतींच्या मानांकनांत लीडचं प्लॅटिनम आणि गृहाचे पाच तारे तिला मिळाले आहेत. पण शेकडो माणसांचं कार्यालय, त्याची देखभाल करायला पगारी माणसं, असं ते प्रकरण आहे. पाच माणसांनी आपल्या हातांनी चालवायचं घर वेगळं. म्हणून मुळशीच्या बाजूला नऊ वर्षं ग्रिडशिवाय, म्हणजे बाहेरची जोडणी न घेता राहणारं एक जोडपं माझ्या ओळखीचं आहे, त्यांना विचारलं. दोघंही साठीच्या आसपास, त्यांना इथे काका-काकू म्हणतो.

यजमान म्हणाले, डिसेंबरात या, छान ऊन असतं. मी म्हटलं, जुलैत येतो. असं घर डिसेंबरात सगळ्यांनाच आवडतं. बॅटरी दुपारीच भरते, भिंती कोरड्या असतात, अंगणात बसून जेवता येतं. घर घ्यायचं की नाही ते त्याच्या सगळ्यात वाईट महिन्यात बघून ठरवावं. आम्ही आषाढात, एका रविवारी सकाळी निघालो. पिरंगुट ओलांडलं तेव्हापासून पावसाने गाडीची काच सोडली नाही.

घर काळ्या दगडाच्या जोत्यावर उभं आहे. जोतं तीन फूट उंच, वर मातीच्या भिंती, मंगलोरी कौलं, आणि चार फुटांची पागोळी. पश्चिमेच्या भिंतीला पावसाळ्यापुरता कारवीचा कूड लावलेला, कारण तिथला पाऊस आडवा येतो. एवढं करूनही त्या भिंतीच्या तळाशी हातभर गिलावा सुटला होता आणि काकूंनी तो आदल्याच दिवशी परत लिंपला होता. माती, शेण, भाताचा तूस आणि थोडा चुना. ओला भाग गडद दिसत होता आणि त्यावर त्यांच्या चार बोटांच्या ओढी स्पष्ट उमटल्या होत्या. आजींनी वाकून त्यावर बोट फिरवलं आणि विचारलं, "वर्षाला कितीदा करावं लागतं हे?" काकू म्हणाल्या, "पावसाळ्यात तीन-चारदा, आणि दिवाळीच्या आधी पूर्ण भिंत."

मुलगा फोटो काढत होता, नातू बेडकं बघत होता. नातीने मात्र दप्तरातली वही काढली आणि ते काम लिहून घेतलं. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

भिंतीवरचं कालनिर्णय

त्या घरातली सगळ्यात मोलाची गोष्ट स्वयंपाकघराच्या दाराजवळ लटकत होती. कालनिर्णयच्या प्रत्येक तारखेच्या चौकोनात काकांनी पेन्सिलीने त्या दिवशी पॅनेलनी किती युनिट वीज दिली ते लिहिलेलं. छपरावर 2 किलोवॉटची पॅनेल. जानेवारीच्या पानावर 8, 8, 7.5, 8. जुलैच्या पानावर 2.1, 1.4, 2.6, 1.8. एका चौकोनात 0.9, भोवती गोल.

"त्या दिवशी काय केलंत?" मुलाने विचारलं.

"फ्रिज बंद केला. दूध संध्याकाळी पुन्हा उकळलं. साडेसातला जेवून झोपलो," काका म्हणाले.

सोलरचं कोटेशन वर्षाच्या सरासरीवर लिहिलेलं असतं. पुण्यात 1 किलोवॉटमागे दिवसाला सरासरी 4 युनिट धरतात आणि ते बरोबरही आहे. ग्रिडला जोडलेल्या घराला सरासरी पुरते, कारण जुलैची तूट महावितरण भरून देतं आणि उन्हाळ्यातली जास्तीची वीज त्यांच्याकडे जमा राहते. कनेक्शन तोडलं की सरासरीला काही किंमत उरत नाही. तेव्हा वर्षातले सगळ्यात काळोखे सलग तीन दिवस मोजायचे आणि घर त्यांना पुरेल असं करायचं.

धायरीच्या फ्लॅटचं बिल महिन्याला 210 युनिट, म्हणजे दिवसाला 7. आम्ही तिथेच, काकूंच्या ओट्यावर कागद ठेवून ते फोडलं. फ्रिज 1.2, चार जुने पंखे मिळून 2.4, गिझर दीड, बाकी वॉशिंग मशीन, मिक्सर, इस्त्री, टीव्ही, कॉम्प्युटर, राउटर धरून 1.9. पंखे 75 वॉटचे आहेत ते 30 वॉटचे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) घेतले की 2.4 चा 1 होतो. गिझर काढून उन्हाळा-हिवाळ्यात सोलर हीटर आणि पावसाळ्यात बंब. बंब म्हटल्यावर आजींचा चेहरा खुलला. त्यांच्या सासरचा तांब्याचा बंब अजून माळ्यावर आहे म्हणे. किरकोळ वापर 1.9 वरून 1.3 वर आणला की एकूण साडेतीन युनिट. म्हणजे कोटेशनमधल्या 5 किलोवॉटऐवजी 3 किलोवॉटवर येता येतं, जुलैतल्या काळोख्या दिवसांत मात्र वापर आणखी आखडावा लागेल. अर्धी वीज वापरातूनच काढता आली. माझ्या अनुभवात असं जवळपास प्रत्येक घरात होतं, आणि पॅनेल विकणाऱ्याने ते सांगावं ही अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही.

अनुदानाचा प्रश्न मुलाने विचारला. पीएम सूर्यघर योजनेत 2 किलोवॉटपर्यंत किलोवॉटमागे 30 हजार आणि 3 किंवा अधिक किलोवॉटला एकूण 78 हजार रुपये मिळतात, पण ते ग्रिडला जोडलेल्या छतासाठी. कनेक्शन तोडायचं तर त्यावर पाणी सोडायचं. हे त्याला माहीत नव्हतं, कोटेशनमध्ये मात्र अनुदान वजा करून दाखवलं होतं.

मुळशीचं पाणी पुरंदरला नेता येत नाही

या भेटीत एक धोका होता. मुळशीचं घर बघून तसंच पुरंदरला बांधावं असं वाटणं. मुळशीत पाऊस इतका की छपराखालची टाकी आठवड्यात भरून वाहते. पलीकडे ताम्हिणीत तर तो हजारो मिलिमीटरमध्ये मोजतात. पुण्यात शिवाजीनगरला वर्षाला सव्वासातशे मिलिमीटरच्या आसपास, आणि सह्याद्रीपासून पूर्वेला सरकावं तसा तो कमी होत जातो. यांच्या जमिनीसाठी मी 450 मिलिमीटर धरले. वाईट वर्षाचा विचार करून मुद्दाम कमी धरले.

छपराचा हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. गळती, बाष्पीभवन, पहिल्या पावसाचं सोडून दिलेलं पाणी धरून त्यातले 80 टक्के हाती लागतात. त्यांच्या घराचं छप्पर 120 चौरस मीटर, म्हणजे 43,200 लिटर. पाच माणसं, माणशी 60 लिटर, दिवसाला 300. हे पाणी 144 दिवस पुरतं. उरलेले सव्वादोनशे दिवस काय? उत्तर असेल टँकर, तर महापालिकेची नळजोडणी सोडून दुसऱ्या कुणावर तरी अवलंबून राहायचं एवढाच फरक. आणि टँकरचं पाणी कुठल्या विहिरीतून भरलं हे सुनेला दिसणार नाही. पहिल्या ओळीवर लिहिलेलं तिचं वाक्य तिथेच मोडतं.

ते ऐकून मुलगा जरा वेळ गप्प बसला. मग बोअरचं काय म्हणाला. आजी म्हणाल्या, "बहात्तरच्या दुष्काळात आपल्या शेजारची विहीर साठ फूट खणली, खाली दगड निघाला. आम्ही सुकडी खाऊन दिवस काढले. जमिनीखालचं धरू नकोस." बोअर लागला तर लागला, हिशेबात घ्यायचा नाही, असं ठरलं.

मार्ग दोन निघाले आणि दोन्ही लागणार होते. कोरडा संडास केला की फ्लशचं पाणी वाचतं, माणशी 45 लिटरवर येता येतं. मग वर्षाची गरज 82 हजार लिटर. त्यासाठी छप्पर हवं सुमारे 230 चौरस मीटर. घराचं 120, उरलेलं 110 चौरस मीटर शेडचं. अवजारं, एक गाय, चारा, वर पॅनेल, आणि खाली पन्हळ. म्हणजे आधी शेड आणि टाकी, घर त्यानंतर. टाकी कोरड्या आठ महिन्यांची, 54 हजार लिटर. गोल फेरोसिमेंटची (लोखंडी जाळीवर सिमेंटचा पातळ थर), सहा मीटर व्यासाची आणि दोन मीटर खोल केली तर थोडी जास्तच बसते. कोटेशनच्या कागदात टाकीला एक ओळसुद्धा नव्हती.

काकांनी त्यांची पन्हळ दाखवली. उभ्या पाइपच्या खाली एक बूच असलेला तुकडा, त्यात पहिल्या पावसाची धूळ, पक्ष्यांची विष्ठा, पाला साठतो आणि मगच स्वच्छ पाणी टाकीकडे वळतं. काकांनी बूच फिरवलं. काळपट पाणी आलं, त्यात एक मेलेली पाल. सुनेने ते नीट पाहिलं. "हे किती वेळा?" तिने विचारलं. "प्रत्येक मोठ्या पावसानंतर. आणि वर्षातून दोनदा पाणी तपासायला नेतो, पिण्याचं उकळतोच." नातीने वहीत दोन ओळी लिहिल्या.

संडास

यावर जरा थांबतो, कारण कुटुंबं या मुद्द्यावरून घाईने पुढे जातात.

पुणे जिल्ह्याला याबाबतीत मोठा वारसा आहे. देहूच्या आरोग्य केंद्रात 1959 साली आलेले डॉ. सुहास मापुसकर यांनी संडासाला बायोगॅस जोडण्याचं काम गावात आयुष्यभर केलं, त्यांना 2017 मध्ये मरणोत्तर पद्मश्री मिळाली. त्याआधी कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी भंगीमुक्तीचं काम स्वतःच्या हातांनी केलं आणि सोनखत, म्हणजे मैल्याचं खत, हा शब्द प्रतिष्ठेचा केला. मुळशीच्या घरात दोन कप्प्यांचा कोरडा संडास आहे. शेजारी लाकडाच्या भुश्याचा डबा, प्रत्येक वेळी एक मोठा डाव भुसा. एक कप्पा भरला की तो बंद, दुसरा सुरू. बंद कप्पा वर्षभर तसाच. वास नव्हता, मी स्वतः उभा राहून खात्री केली. काकांनी उघडून दाखवलेलं खत हातात घेतलं तर जंगलातल्या मातीसारखं होतं.

परतताना गाडीत मुलगा म्हणाला, "ते कप्पे काढायला गावातला एखादा माणूस बघू." त्यावर मी गाडी बाजूला घ्यायला सांगितली. न कुजलेला मैला हाताने काढायला माणूस लावणं हा 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे. पण कायदा नसता तरी मी हेच बोललो असतो. आपल्याकडे हे काम कुणाच्या वाट्याला पिढ्यान् पिढ्या आलं, हे सगळ्यांना माहीत आहे. स्वावलंबी घराचा सगळ्यात जड भाग परत त्यांच्याच अंगावर टाकायचा असेल तर त्या घराला स्वावलंबी म्हणू नये. कोरडा संडास करायचा तर तो घरातल्यांनीच काढायचा, वर्षभर कुजू देऊन. जमणार नसेल तर दोन शोषखड्ड्यांचा पाणी ओतायचा संडास करावा, त्यात कमीपणा काही नाही.

मुलाने मान डोलावली. आजी मागच्या सीटवरून म्हणाल्या, "मला कमोड लागेल, गुडघे वाकत नाहीत. आणि रात्री अंगणात जाणार नाही." हेही कुणी त्यांना विचारलेलं नव्हतं.

नातीची वही

धायरीला पोचल्यावर नातीने वही काढली. दिवसभरात तिने एकोणीस कामं टिपली होती. पहाटे पॅनेल पुसणं, पन्हळ झाडणं, बूच सोडणं, टाकीच्या जाळीला भोक पडलं का बघणं, पाणी तपासायला नेणं, बायोगॅसमध्ये खरकटं बारीक करून टाकणं, बंबाला लाकूड फोडणं, भिंत लिंपणं, कप्प्यात भुसा आणून ठेवणं, इन्व्हर्टर बंद पडला तर काय करायचं ते, वर्षातून एकदा टाकीत उतरून गाळ काढणं, असं. मी म्हटलं, प्रत्येकासमोर नाव लिहा. आता लगेच, विचार न करता.

सुनेच्या नावावर अकरा, मुलाच्या नावावर चार, आजींच्या नावावर तीन. एकासमोर "माणूस बघू" लिहून मग खोडलेलं. सून शाळेची नोकरी चालूच ठेवणार होती.

कागद टेबलावर होता आणि कुणी काही बोलत नव्हतं. मग सून म्हणाली, "मला हे घर हवंय. पण हे मला मारून टाकेल."

मला या प्रकरणातून जे सांगायचं आहे ते हेच. ग्रिड म्हणजे केवळ तारा आणि पाइप नव्हेत. लाइनमन, व्हॉल्व्ह फिरवणारा पाणीवाला, पाणी तपासणारी प्रयोगशाळा, ड्रेनेजची गाडी, सिलिंडर जिन्याने वर आणणारा, ही सगळी माणसं म्हणजे ग्रिड. कनेक्शन तोडतो तेव्हा त्यांचं काम नाहीसं होत नाही. ते घरात येतं आणि घरात ज्याच्याकडे आधीच जास्त काम आहे त्याच्याकडे, बहुतेक वेळा तिच्याकडे, आपोआप जातं. पॅनेलच्या कोटेशनमध्ये हा रकाना नसतो.

दोन महिन्यांची तालीम

मी सुचवलं, ऑगस्ट आणि सप्टेंबर फ्लॅटमध्येच पुरंदरचं आयुष्य जगून बघा. मीटर रोज रात्री नऊला वाचायचा, पाणी वीस लिटरच्या बादल्यांनी मोजायचं. कामांची वाटणी नव्या कागदाप्रमाणे.

पहिल्या आठवड्यात वीज 5.9 वर आली, पंखे बदलल्यावर आणि गिझर मोजणीबाहेर ठेवल्यावर 3.8. साडेतीन झाली नाही, पण जवळ पोचली. पाणी मात्र हट्टी निघालं. 45 लिटर ठरवले होते, प्रत्यक्षात माणशी 62. फ्लश वगळला तर 48. वॉशिंग मशीनच्या एका धुण्याला चार ते पाच बादल्या लागत होत्या. म्हणून शेड आणखी थोडी वाढवली आणि धुण्या-अंघोळीचं पाणी केळी, आळू, कर्दळीच्या वाफ्यात सोडायचं ठरलं. स्वयंपाकघरातल्या खरकट्यावर मुळशीच्या काकूंचा दाखला पुरेसा होता: पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेने विकसित केलेला, 2006 मध्ये अॅशडेन पुरस्कार मिळालेला छोटा बायोगॅस संच त्यांच्याकडे आहे. त्यावर रोज दोनदा चहा आणि एक कुकर होतो, थंडीत त्याहून कमी. म्हणजे सिलिंडर राहणार.

कामांच्या बाबतीत पहिले पंधरा दिवस भांडणं झाली. मीटर वाचायला मुलगा चार वेळा विसरला आणि चारही वेळा सुनेने वाचून ठेवला. मी तिला सांगितलं, वाचू नका, चौकोन मोकळा सोडा. पाचव्यांदा मोकळा चौकोन त्याला दिसला, त्यानंतर तो विसरला नाही. या दोन महिन्यांतली सगळ्यात मोठी कमाई मी याला समजतो.

दिवाळीनंतर ठरलं ते असं. महावितरणचं सिंगल फेज कनेक्शन ठेवायचं, हायब्रिड इन्व्हर्टर (पॅनेल, बॅटरी आणि ग्रिड तिन्हींवर चालणारा) बसवायचा, 3 किलोवॉट, अनुदान घ्यायचं. दोन पावसाळे काढून मग कनेक्शनचा विचार. आजींच्या खोलीला लागून कमोड, दोन शोषखड्ड्यांवर. बाकीच्यांसाठी कोरडा संडास. मुळशीसारख्या मातीच्या भिंती नकोत असं सुनेनेच सांगितलं. जमिनीतल्या दगडाच्या भिंती, सांधे चुन्याने भरायचे, आत मातीचा गिलावा. फ्लॅट लगेच भाड्याने द्यायचा नाही.

कागदाची तिसरी प्रत फ्रिजवर चिकटवली आहे. सुनेकडे सहा कामं, मुलाकडे आठ, आजी, नात आणि नातवाकडे एकेक. दोन ओळींसमोर अजून नाव नाही: टाकीत उतरून गाळ काढणं आणि भर पावसात इन्व्हर्टर बंद पडला तर बघणं. मुलाने पुढच्या महिन्यात ओळखीच्या इलेक्ट्रिशियनकडे चार रविवार शिकायला जायचं कबूल केलं आहे. नाव तो शिकून झाल्यावर लिहिणार आहे.

टाकीची खोदाई मार्चमध्ये सुरू झाली. चार फुटांवर मुरूम लागला, काळ्या मातीपेक्षा तो टाकीला चांगला. वरची काळी माती आजींच्या सांगण्यावरून परसबागेच्या जागी वेगळी रचून ठेवली आहे आणि मुरूम शेडच्या जोत्यासाठी.